अडथळा, विश्वास आणि बदलती वाट: मंडळीच्या पुढाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) पाळक, पंच (मंडळीचा कारभार पाहणारे सभासद), तरुण संघ व महिला मंडळाचे पदाधिकारी आणि ख्रिस्ती संस्था चालवणारे विश्वस्त यांच्यासाठी आहे. जागा गेली, पैसे आटले, माणसे दुरावली, अशा वेळी मंडळीला पुढे कसे न्यायचे हा यातला मुख्य विषय. आमचे म्हणणे थोडक्यात असे: हेतू घट्ट धरावा, पद्धत सैल ठेवावी आणि या दोहोंची किंमत मंडळीला आधी सांगावी.

‘प्रत्येक अडथळा ही संधीच’ असे शास्त्र शिकवते का?

नाही, इतक्या सरळ शब्दांत नाही. रोमकरांस पत्र ८:२८ मध्ये देव सर्व गोष्टींतून आपल्यावर प्रीती करणाऱ्यांचे कल्याण साधतो असे आहे. प्रत्येक गोष्ट चांगली आहे असे तिथे म्हटलेले नाही. योसेफाचे वचन (उत्पत्ती ५०:२०) आपण फार लवकर वापरतो. भावांनी वाईट योजले, देवाने त्यातून चांगले घडवले, हे योसेफाने स्वतः म्हटले आणि तेही खड्डा, गुलामी, तुरुंग हे सगळे मागे पडल्यावर कित्येक वर्षांनी. तो खड्ड्यात असताना वरून कोणी त्याला हे ऐकवले असते तर तो क्रूरपणा झाला असता. म्हणून पुढाऱ्यासाठी नियम साधा आहे. स्वतःच्या संकटाबद्दल हे वचन बोलावे, दुसऱ्याच्या ताज्या दुःखावर ते चिकटवू नये.

विश्वास पुढाऱ्याला देतो ते धैर्य. खरी परिस्थिती न लपवता बघण्याचे आणि आजवरची पद्धत मोडली तरी काम मोडले नाही असे मानण्याचे. संधी त्यानंतर शोधावी लागते, आणि पुष्कळदा ती पहिल्या महिन्यात दिसतही नाही.

अडथळा आल्यावर पहिल्या आठवड्यात नेमके काय करावे?

नहेम्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय हाताशी ठेवा. यरुशलेमेचा कोट पडल्याची बातमी आल्यावर तो बसून रडला, त्याने उपास केला, प्रार्थना केली. किसलेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, तो थांबला. पर्शियाच्या राजापुढे गेला तेव्हा मात्र किती वेळ लागेल, कोणती पत्रे हवीत, लाकूड कुठून मिळेल हे सगळे त्याच्याजवळ तयार होते. यरुशलेमेत पोहोचल्यावरही त्याने आधी तीन दिवस काही जाहीर केले नाही. रात्री थोडी माणसे घेऊन पडझड स्वतः पाहिली आणि मग लोकांना बोलावले.

आपल्या मंडळीत हे असे करता येते:

१. पहिले दोन दिवस कोणताही जाहीर निर्णय नको. व्हॉट्सॲप गटावर एवढेच लिहा: काय घडले, काय ठाऊक आहे, पुढची माहिती कोणत्या दिवशी मिळेल. तो दिवस पाळा.
२. रविवारच्या उपासनेत विलापाला जागा द्या. स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, त्यातला ‘कोठवर’ हा प्रश्न मऊ करू नका. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.
३. दोन पंच आणि पंचकमिटीबाहेरची एक व्यक्ती मिळून प्रत्यक्ष पाहणी करा. कागद, करार, बँकेचे पासबुक, कोणाकोणाला झळ बसली त्यांची यादी.
४. आठवड्याच्या शेवटी एका पानावर चार रकाने भरा: काय गेले, काय उरले, कोणाला सर्वांत जास्त त्रास, तीस दिवसांत काय करणे भागच आहे.

चौथा रकाना नेहमी भरला जातो. तिसरा रिकामा राहतो. खऱ्या संधी बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यातच सापडतात, कारण मंडळीचे काम ज्यांच्यापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते ती माणसे तिथे नावानिशी पुढे येतात.

पंडिता रमाबाईंचा दाखला नेहमी दिला जातो. नेतृत्व म्हणून त्यातून काय घ्यायचे?

त्यांचे धैर्य सगळे सांगतात. त्यांच्या कामाचा क्रम मात्र क्वचितच कोणी नीट सांगतो, आणि शिकण्यासारखे त्या क्रमातच आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही निवासी शाळा सुरू झाली, पुढच्या वर्षी ती पुण्याला हलली. काम मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवांसाठी होते. पैसा अमेरिकेतून, बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून येई आणि ते वचन दहा वर्षांचे होते. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठा वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदन चालू राहिले.

पुढची गोष्ट फार महत्त्वाची. दहा वर्षांची मुदत संपल्यावर काय, या विचाराने रमाबाईंनी पुणे–दौंड लोहमार्गावर केडगावला जमीन घेतली होती. तिथे फळझाडे लावून त्यावर सदनाचा खर्च चालवावा, असा हेतू. म्हणजे ती जमीन आश्रमासाठी घेतलेली नव्हती, उत्पन्नासाठी होती.

१८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात आईवडील गमावलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग आला आणि इतक्या नव्या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुली केडगावच्या त्या शेतावर गेल्या, सुरुवातीला तात्पुरत्या निवाऱ्यात. १८९८ मध्ये तिथे मुक्ती सदन उभे राहिले. १९००च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या. पुढे अंधांसाठी बारतीमी सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, छापखाना चालू झाला. रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले बायबलचे भाषांतर १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी पुरे केले.

यातून चार गोष्टी हाती लागतात. पहिली, प्लेगची मनाई संधी ठरली कारण जमीन आधीच होती, आणि ती वेगळ्याच अडचणीचा विचार करून घेतलेली होती. लवचीक नेतृत्व संकटाच्या दिवशी सुरू होत नाही. दुसरी, निराधार स्त्रीला आधार, शिक्षण आणि हाताला काम हा हेतू हलला नाही. जागा, जातीची मर्यादा, पैशाचा स्रोत आणि रोजचा दिनक्रम हे सगळे बदलले. तिसरी, केवळ खाऊ घालून त्या थांबल्या नाहीत. आलेल्या प्रत्येकीला काही तरी काम शिकवले, म्हणून शेकडो माणसांचा पसारा पेलता आला. चौथी गोष्ट आम्हांला सर्वांत जड वाटते: किंमत खरी होती. १८९३ मध्ये तुटलेले संबंध सगळे जुळून आले नाहीत. हा भाग गाळून रमाबाईंवर संदेश दिला, तर ऐकणाऱ्यांना वाटते की विश्वास असला म्हणजे नुकसान होत नाही.

काय धरून ठेवायचे आणि काय सोडायचे, हे कसे ठरवावे?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. पौल ज्या जहाजावर होता त्यावर २७६ माणसे होती. वादळात आधी माल टाकला, मग जहाजाची सामग्री, शेवटी गहूसुद्धा समुद्रात गेला. जहाज फुटले, पण माणूस एकही दगावला नाही. पौल तिथे कैदी होता, कोणत्याही पदावर नव्हता. तरी चौदा दिवस उपाशी राहिलेल्यांना जेवायला लावणारा तोच, आणि खलाशी पळू पाहत आहेत हे वेळीच सांगणाराही तोच. एकही जीव जाणार नाही हे देवाने दिलेले वचन त्याला ठाऊक होते, तरी त्याने खलाशांना जाऊ दिले नाही. विश्वास आणि व्यवहार तिथे एकमेकांच्या आड आले नाहीत.

पंचकमिटीत फळ्यावर तीन याद्या करा. पहिलीत फक्त शास्त्राने सांगितलेले: वचन, प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन, गरिबांची काळजी, एकमेकांवर प्रीती. दुसरीत आपल्या पंथाचे नियम, जे बिशप, सिनॉड (पंथाची प्रतिनिधी सभा) किंवा वरिष्ठ समितीच्या संमतीनेच बदलता येतात. तिसरीत सवयी: वेळ, जागा, बाकांची रचना, वार्षिक स्नेहसंमेलन, गीतांची चाल. बहुतेक भांडणे तिसऱ्या यादीवरून होतात आणि लोक ती पहिल्या यादीतली समजून भांडतात. याद्या लिहून काढल्या की निम्मा ताण तिथेच उतरतो.

एक सावधगिरी. सवय म्हणजे फालतू गोष्ट नव्हे. एखाद्या आजीसाठी पहाटेची ईस्टर उपासना हेच वर्षाचे केंद्र असते. बदल करण्याआधी अशा दहा-बारा जणांच्या घरी जाऊन स्वतः सांगा. फळ्यावरची सूचना वाचून त्यांना कळू नये.

दार देवाने बंद केले की हा केवळ विरोध आहे, हे कसे ओळखावे?

प्रेषितांची कृत्ये १६:६-१० मध्ये पौलाला आसिया प्रांतात वचन सांगायला आत्म्याने मनाई केली, बिथुनियात जाऊ दिले नाही. तो त्रोवसला आला आणि तिथे मासेदोनियाचा दृष्टान्त झाला. पण शेवटच्या वाक्यावर थांबा: दृष्टान्त एकट्याला झाला, निष्कर्ष ‘आम्ही’ काढला. फिलिप्पैत गेल्यावरही नेहमीची पद्धत बदलावी लागली. यहूद्यांच्या सभास्थानाऐवजी नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या स्त्रियांशी बोलणे झाले आणि लुदिया विश्वासात आली.

‘प्रभूने मला दाखवले’ असे एकट्या पुढाऱ्याने म्हणून विषय बंद करणे ही नेतृत्वातली सर्वांत महाग चूक आहे, कारण त्यानंतर प्रश्न विचारणारा माणूस देवाच्या विरोधात उभा असल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा तीन प्रश्न तीन वेगळ्या लोकांना विचारा. शास्त्राविरुद्ध काही आहे का? ज्यांना या निर्णयाचा तोटा होईल त्यांचे काय म्हणणे? हाच निर्णय तीन महिन्यांच्या प्रयोगापुरता घेता येईल का?

भाड्याचा हॉल गेला. चाळीस कुटुंबे आहेत. उपासना कशी चालवावी?

घरगटांनी. सुमारे आठ कुटुंबांचा एक, असे पाच गट. साध्या दोन खोल्यांच्या घरात बारा ते चौदा मोठी माणसे बसतात, त्यापेक्षा जास्त झाली की लोक दाराबाहेर उभे राहतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. म्हणून गटातले सगळे एकाच घरी मावत नसतील तर दोन घरांत किंवा दोन वेळांत बसवा. प्रत्येक गटाला दोन चालक, शक्यतो एक स्त्री व एक पुरुष, पण नवरा-बायको नकोत. एक घर गावाला गेले की गट बंद पडतो.

वेळ ७५ मिनिटे: गीते १५, वचन २०, चर्चा १५, प्रार्थना २०, सूचना ५. मुलांसाठी वचनाच्या वेळी शेजारच्या खोलीत वेगळा पाठ. पाळकांनी एकच वचनपाठ आणि तीन प्रश्न गुरुवारपर्यंत सर्व चालकांना द्यावेत. महिन्यातून एकदा शाळेचे सभागृह किंवा समाजमंदिर घेऊन सर्वांची एकत्र उपासना आणि प्रभुभोजन.

यात काय बिघडते? गट भावकीवर पडले तर सहा महिन्यांत मंडळीच फुटते. गट वस्तीप्रमाणे करा. खाणेपिणे वाढले की गरीब घरे यजमान व्हायला कचरतात. पहिल्या दिवसापासून फक्त चहा, हा नियम ठेवा. लाउडस्पीकर लावू नका, हार्मोनियम-ढोलकी बेताने वाजवा, शेजाऱ्यांना आधी भेटून वार आणि वेळ सांगा. अर्पण प्रत्येक गटात दोन जणांनी मोजावे, सही करून त्याच दिवशी खजिनदाराकडे द्यावे.

लाभ काय, तर हॉलमध्ये मागच्या बाकावर बसून कधीही न बोलणारी माणसे घरात प्रार्थना करायला लागतात. नवा हॉल मिळाला तरी गट मोडू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

अर्पण घटले आहे. कशाला कात्री लावावी?

आधी का घटले ते पाहा. माणसे कमी झाली, त्यांची कमाई कमी झाली, की विश्वास उडाला? तिन्हींचे उपाय वेगळे. विश्वास उडाला असेल तर दशांशावरचा (उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा) संदेश आगीत तेल ओततो. तिथे हिशेब दाखवणे हाच उपाय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फळ्यावर तीन आकडे लिहा: आले, गेले, शिल्लक.

कपात करायची तर सजावट, छापील पत्रिका, बाहेरून बोलावलेले वक्ते आणि सणाच्या जेवणाचा खर्च आधी. गरिबांच्या मदतीचा निधी सर्वांत शेवटी. पाळकांचा पगार त्यांना न विचारता कमी करू नये. थकवून ठेवणे तर त्याहून वाईट, कारण त्यांना उधारी मंडळीतल्याच कोणाकडे तरी मागावी लागते आणि मग संदेश देताना तोंड बांधले जाते. परिस्थिती सावरली की तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात साठवा.

मंडळीत ‘आम्हांला डावलले’ अशी तक्रार आहे. ती दाबावी की उघड घ्यावी?

उघड घ्यावी. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात वगळले जात होते. प्रेषितांनी तक्रार खोटी ठरवली नाही, स्वतः वाटपाला बसलेही नाहीत. मंडळीलाच सात माणसे निवडायला सांगितली. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्या गटाची तक्रार होती, वाटप त्याच गटाच्या हाती गेले. त्यानंतरचे सातवे वचन मंडळी वाढल्याचे सांगते.

तुमच्या मंडळीत तक्रार वसतिगृहातल्या मुलांची असो, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्यांची असो की महिलांची, सुधारणा समितीत निम्म्याहून जास्त माणसे त्या गटाची घ्या आणि त्यांना पैशाचा अधिकारही द्या. नुसते ‘प्रतिनिधी’ नेमले तर राग वाढतो.

तरुण पुण्या-मुंबईला गेले. गावची मंडळी म्हाताऱ्यांची उरली आहे.

ते परत येतील अशा आशेवर कार्यक्रम आखू नका. ते जिथे गेले तिथली यादी करा: नाव, भाग, जवळची मंडळी. तिथल्या पाळकांना ओळखीचे पत्र द्या आणि पहिल्या महिन्यात एक फोन करा, कारण नव्या शहरातले पहिले काही रविवार निघून गेले की सवयच मोडते. गावात उरलेल्या ज्येष्ठांचा मध्यस्थीच्या (इतरांसाठी करायच्या) प्रार्थनेचा गट बांधा, प्रत्येकाला पाच तरुणांची नावे द्या. नाताळ आणि ईस्टरला गावी येणाऱ्यांना पाहुणे म्हणून न बसवता एक काम आधीच नेमून द्या.

ऑनलाइन उपासना चालू ठेवावी का?

२०२०चा ईस्टर टाळेबंदीत गेला आणि महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे त्या वर्षी १६ नोव्हेंबरला उघडली. तेव्हा केलेली सोय आज आजारी, वृद्ध आणि परदेशी असलेल्यांसाठी ठेवावी. पण पडद्यावरून बघणाऱ्या प्रत्येकाला भेटणारी एक व्यक्ती नेमलेली असावी, नाहीतर तो माणूस मंडळीतून हळूच निसटतो.

पाळक थकले आहेत, पण सोडायला तयार नाहीत.

निर्गम १८ वाचायला द्या. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करीत बसे. सासरा इथ्रो म्हणाला, हे काम तुला पेलणार नाही, तू आणि लोक दोघेही झिजून जाल. हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर माणसे नेमायला त्याने सांगितले. प्रत्यक्षात असे करा: पाळकांची दोन आठवड्यांची कामे लिहून काढा, त्यातली दुसऱ्याला करता येणारी खुणावून ठेवा आणि दर महिन्याला दोनच कामे हस्तांतरित करा. एकदम दहा दिली तर तिसऱ्या महिन्यात सगळी परत पाळकांकडे येतात.

प्रार्थना केली, बदल केले, तरी अडथळा हललाच नाही तर?

२ करिंथ १२ मधला पौलाच्या शरीरातला काटा निघाला नाही. त्याने तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ असे उत्तर मिळाले. काही मंडळ्या लहानच राहतील, काही जागा परत मिळणार नाहीत. अशा वेळी पुढाऱ्याने तारीख ठरवून प्रयोग थांबवावा, ज्यांनी कष्ट केले त्यांचे मंडळीसमोर आभार मानावेत आणि उरलेली शक्ती एका कामावर लावावी.

कोणत्या गोष्टींना ‘संधी’ म्हणूच नये?

मुलांचे किंवा स्त्रियांचे शोषण, घरातली मारहाण, पैशाचा अपहार. तिथे ‘क्षमा करा, यातूनही देव काही करील’ असे सांगणे म्हणजे अन्यायाला आडोसा देणे. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पंचकमिटीत मिटवायचा तो विषय नाही. अपहाराचा संशय असल्यास खात्यावरच्या सह्या त्याच आठवड्यात बदला आणि बाहेरच्या हिशेबतपासनीसाकडून तपासणी करून घ्या.

बदल करताना ट्रस्टच्या कागदपत्रांचे काय?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे नोंदणी झालेली असेल तर विश्वस्त किंवा पत्ता बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. ट्रस्टची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त, अथवा शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असेल किंवा विकायची असेल, तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पैशाची तातडी म्हणून आधी करार आणि मग परवानगी असे केले तर व्यवहार रद्द ठरू शकतो आणि वाद वर्षानुवर्षे चालू शकतो. ठराव, बैठकीची नोटीस, उपस्थितांच्या सह्या आणि विरोधात मत दिलेल्यांची नोंद असे चारही कागद त्याच दिवशी इतिवृत्ताच्या वहीला जोडून ठेवा.